हत्ती, हत्ती आणि चारची लाट

माझ्या थोरल्या बहिणीला समुद्र दाखवायचा म्हणून मी तिला समुद्राच्या विरुद्ध दिशेला घेऊन गेलो.

याला मी जबाबदार नाही, आंबोलीचा घाट जबाबदार आहे. आक्का निपाणीत राहते. तिथून समुद्र चार तासांवर आहे. पण आक्काला बस लागते. सपाटीवर लागत नाही, घाटात लागते, आणि कोकणात घाट न उतरता जाता येत नाही. दोनदा ती आंबोलीपर्यंत गेली (दोन्ही वेळा तोंडापाशी पिशवी धरून) आणि दोन्ही वेळा तिथूनच परत आली. "समुद्र ऱ्हाऊ दे तितं, मी आपली घरला जाते," असं म्हणून तिनं विषय मिटवला.

माझ्यासाठी तो मिटला नव्हता. आक्कानं तंबाखूच्या वखारीत काम करून मला बेळगावात कॉलेजला ठेवलं. पहिला पगार झाला की तुला समुद्र दाखवतो, असं मी तिला म्हणालो होतो. त्यानंतर मी वर्तमानपत्रात नोकरी केली, टेबलाशी बसून इतरांच्या बातम्या दुरुस्त केल्या, निवृत्त झालो, आणि आक्कानं समुद्र पाहिलेला नव्हता.

मग निपाणी-कोगनोळीच्या बाजूला, हायवेपासून पूर्वेला आत, एक थीम पार्क झालं. त्यात उंच पाळणे होते, भुताचा बंगला होता आणि एक कृत्रिम समुद्र होता. काँक्रीटचा किनारा, निळं पाणी, यंत्रानं उठणाऱ्या लाटा. मुख्य म्हणजे, घाट वगळलेला! मी आक्काला फोन केला.

"खरा समुद्र हाय व्हय?"

"खरा नाही. पण लाटा येतात."

"मान्सं बुडत्यात का?"

"नाही."

"मग येते," आक्का म्हणाली. "उलटी न होता दिसतोय म्हंजे लई झालं."

दिवसातल्या शेवटच्या लाटा चार वाजता सोडतात, असं पार्कवाल्यांनी सांगितलं होतं. त्यानंतर यंत्र बंद. म्हणजे चारच्या आत आक्काला काठावर उभं करायचं, एवढंच काम होतं.

आम्ही चौघं निघालो. मी, माझी बायको सुनंदा, आक्का आणि आक्काचे यजमान, म्हणजे आमचे दाजी. दाजी चौतीस वर्षं सरकारी बसवर कंडक्टर होते. ते निवृत्त झाले आहेत, ही गोष्ट फक्त डेपोला ठाऊक होती. गाडीत बसताक्षणी त्यांनी पार्कची चारही तिकिटं माझ्याकडून काढून घेतली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

"तिकीट कंडक्टरकडं असावं," ते म्हणाले. (जगातल्या बाकी सगळ्या बसमध्ये ते प्रवाशाकडे असतं.)

सव्वा वाजता आम्ही पार्किंगला पोचलो आणि गाडीतून उतरलो. नजर पोचेल तिथवर गाड्या होत्या. कर्नाटकाच्या, महाराष्ट्राच्या, गोव्याच्या, टपावर ऊन घेऊन चमकणाऱ्या, एकीला एक लागून. आक्का म्हणाली, "मिलिंदा, ह्योच का समुद्र?"

पार्किंगचे भाग पाडले होते, आणि आपली गाडी कुठे लावली ते लक्षात राहावं म्हणून प्रत्येक भागाला प्राण्याचं नाव दिलं होतं. प्रवेशद्वाराला जवळचा मोर, मधला ससा, शेवटी हत्ती. आमची गाडी सशात होती. तिथून प्रवेशद्वार दोन किलोमीटर. महिना मे. आक्काच्या उजव्या गुडघ्याला दोनशे पावलंही जास्त होतात. त्यामुळे पार्कची बस घेण्याला पर्याय नव्हता. बस फुकट होती, दर वीस मिनिटांनी येत होती, आणि एकाच थांब्यावर जाणाऱ्या आणि येणाऱ्या अशा दोन्हीकडच्या बस थांबत होत्या. (ही शेवटची माहिती मी तेव्हा महत्त्वाची मानली नाही.)

थांब्यावर रांग नव्हती. ती मी लावली.

बसच्या दारातली झोंबाझोंबी हा माझा नोकरीभरचा विषय होता. वाचकांच्या पत्रांतून मी त्यावर पुष्कळ मजकूर छापला, आणि वाचक लिहीत नसत तेव्हा स्वतः लिहिला. मी लोकांना हात जोडून सांगितलं, "एकामागे एक उभे राहा. आधी लहान मुलं आणि बायका." लोक खरोखरच एकामागे एक उभे राहिले! मला भरून आलं. पहिली बस आली. कागलकडचं एक कुटुंब होतं, त्यांच्यात लहान मुलं आणि बायका मिळून बसभर माणसं निघाली. दुसरी बस आली. तेवढ्यात कुणाच्या तरी मावशी, आत्या आणि तान्ही बाळं रांगेत पुढे आली होती. तीही गेली. तिसऱ्या बसला मी एका गृहस्थांना "आधी तुम्ही" म्हणालो, तर त्यांनी मागे वळून हाक मारली, "या गं समद्या!"

"आम्ही बायका न्हवं का?" आक्कानं सुनंदाकडे बघून विचारलं.

"आपण संपादकांच्या घरच्या आहोत," सुनंदा म्हणाली. "आपण शेवटी."

दरम्यान गडहिंग्लजच्या एका तरण्याबांड पाहुण्यानं जागा धरण्यासाठी खांद्यावरचा टॉवेल खिडकीतून आत टाकला. पण बस गार हवेची होती, काचा उघडणाऱ्या नव्हत्या. टॉवेल काचेवर आपटून खाली पडला. त्यानं पुन्हा टाकला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा त्यानं टॉवेल दोन्ही हातांनी काचेवर दाबून धरला आणि बस हलली तसा तिच्याबरोबर चालू लागला. आतल्या माणसानं त्या सीटवरून उठून त्याला जागा दिली, हे मी स्वतः पाहिलं. हक्क काय असतो, ते मला त्या दिवशी कळलं.

पुढची बस आली तेव्हा दोन वाजून गेले होते आणि दाजींचा संयम संपला होता. चोवीस सीटची ती बस चाळीस माणसांनी भरून दारात तुंबली होती. चौतीस वर्षांच्या सवयीनं दाजी पायरीवर चढले. "बस भरली का न्हाई ह्ये कंडक्टरनं ठरवायचं, पॅशिंजरनं न्हवं," एवढं मला सांगून ते आत वळले आणि त्यांनी आवाज लावला.

"मुंद होग्री, मुंद होग्री! पुढं चला, पुढं! जागा ऐतरी, जागा हाय! ओ टोपीवालं, बाप्याच्या जातीला दोन पाय लागत्यात, तुमी चार मान्सांची जागा धरलीया! मावशी, पिशवी पायांत घ्या. अण्णा, पोट आत घ्या!"

आणि बस आत सरकली. मी हे शब्द जपून वापरतो. जिथे बोट शिरलं नसतं तिथे माणसं शिरली. थांब्यावरची रांग वितळल्यासारखी कमी होत गेली. कानडी माणसाला कानडीत, मराठी माणसाला मराठीत, अडून बसलेल्याला दोन्हींत, असं दाजींनी साठच्या आसपास लोकांना त्या चोवीस सीटांत घातलं आणि कुणी भांडलं नाही. मी थक्क होऊन बघत राहिलो. आक्काच्या डोळ्यांत तर नवऱ्याविषयी असं काही दिसलं की ते लग्नातही दिसलं नसावं.

"रैट!" दाजींनी पत्र्यावर दोन थापा मारल्या. बस निघाली.

बस वळणावर दिसेनाशी झाल्यावर सुनंदा म्हणाली, "अहो, आपण बसायचं होतं ना?"

दाजी गेले होते. तिकिटं त्यांच्या खिशात होती. त्यांचा मोबाइल, मला आठवलं, आमच्या गाडीत चार्जिंगला होता.

आता माझी खरी कामगिरी सुरू होते.

अडीचला बस आली. तिच्या दारात शिट्टी घेतलेला एक मध्यमवयीन कर्मचारी होता. तो हात हलवून ओरडत होता, "हत्ती, हत्ती! बेग हत्ती!"

इथे थोडा खुलासा हवा. कानडीत 'बेग' म्हणजे 'लवकर' आणि 'हत्ती' म्हणजे 'चढा'. पण आमच्या भागातला कानडी माणूस तसं म्हणत नाही, तो 'हत्रि' म्हणतो. 'हत्ती' म्हणणारा माणूस म्हैसूर-बंगळूरकडचा. ज्याला फक्त मराठी येतं तो हे ऐकून प्राणी शोधेल. ज्याला फक्त कानडी येतं तो मुकाट्यानं चढेल. दोन्ही येणारा सीमाभागातला माणूस मात्र थांब्यावर उभा राहून विचार करू शकतो. मी विचार केला. पार्किंगच्या एका भागाचं नाव हत्ती आहे. बस दोन्ही दिशांना जातात. म्हणजे ही बस हत्तीला, उलट्या बाजूला चालली आहे.

आक्कानं पाय उचलला होता. मी तिचा दंड धरला.

"आरं सोड, त्यो चढा म्हनतूय!"

"आक्का, ही हत्तीची बस आहे."

"मिलिंदा, त्यो कानडीत बोलतूय!"

"कानडीत बोलला असता तर 'हत्रि' म्हणाला असता. तू भाषेत पडू नकोस."

माझा स्वर इतका ठाम होता की मागे उभे असलेले आणखी पंधराएक मराठी लोकही चढले नाहीत. त्या दिवशी रिकाम्या सीटा घेऊन गेलेली ती एकमेव बस. ती आमच्या समोरून निघाली आणि थेट प्रवेशद्वाराच्या दिशेनं वळली.

मागच्या पंधरा लोकांपैकी एकानं विचारलं, "पेपरात होता म्हणं तुमी?"

मी चूक मान्य केली. चूक कळली की ती लगेच दुरुस्त करायची, ही आमच्या धंद्याची रीत आहे. त्यामुळे वीस मिनिटांनी पुढची बस आली आणि दारातला माणूस "हत्ती, हत्ती, हत्ती!" असं ओरडला, तेव्हा मी एक क्षणही दवडला नाही. आक्काला आत लोटलं, सुनंदाला ओढलं, मागच्या पंधरा जणांना "चढा म्हणतोय, चढा!" असं सांगितलं आणि सगळ्यांना आत घेऊन समाधानानं उभा राहिलो.

हा माणूस कोगनोळीचा होता. मराठी होता. त्याला प्राणीच म्हणायचा होता.

बस प्रवेशद्वाराकडे पाठ करून निघाली आणि आम्हाला पार्किंगच्या पार शेवटच्या टोकाला, हत्तीच्या एका भल्यामोठ्या चित्राखाली उतरवून गेली. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. ते पंधरा लोक माझ्याभोवती उभे राहिले. कुणी शिवी दिली नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. फक्त एका म्हाताऱ्यानं चित्राकडे बघत शांतपणे म्हटलं, "हत्ती बाकी झाक काढलाय."

आक्का दगडावर बसली. तिनं गुडघा चोळला आणि घड्याळात बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ऱ्हाऊ दे रं. आंबोलीपत्तर गेल्ती, आता हत्तीपत्तर आलो. दिसायचाच न्हाई त्यो आपल्याला." ती हसत होती, पण पदराचा काठ बोटाला गुंडाळत होती. वखारीत पगार उशिरा व्हायचा तेव्हा ती तसंच करायची.

साडेतीनला बस आली ती दाराबाहेर लोंबकळणाऱ्या माणसांसकट. पायरीवर, एका हातानं दांडा धरून, गळ्यात पार्कची शिट्टी अडकवलेले दाजी उभे होते.

ते उतरलेच नव्हते! प्रवेशद्वारापाशी पहिली फेरी रिकामी झाली तेव्हा ड्रायव्हरनं त्यांचे हात धरून "साहेब, अजून एक फेरी" म्हटलं होतं, आणि दाजी चौथ्या फेरीवर होते (मधल्या दोन मोरापर्यंतच होत्या). चेहरा असा उजळलेला की मी त्यांना क्षणभर ओळखलं नाही. त्यांनीही मला ओळखलं नाही.

"दाजी!" मी पुढे घुसलो.

"रांगंत या."

"दाजी, मी मिलिंद!"

"दिसतंय. रांगंत या. ड्यूटीवर नातं न्हाई." मग माझ्या मागे त्यांना आक्का दिसली. तोंडाकडे नेलेली शिट्टी हातातून सुटली. "आगं, तू हितं? मला वाटलं तुमी कवाच पोचलासा!"

"तुमच्या मेव्हण्यानं आनलं," आक्का म्हणाली.

उतरणारे उतरले होते आणि थांब्यावरची रांग आत शिरली होती. दाजींनी आत एक नजर टाकली. बंद काचा, भरलेली हवा, अंगाला अंग. हिला इथे घातलं तर घाटाचीही गरज पडणार नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. सगळ्या बसमध्ये उघडणारी खिडकी एकच होती, ड्रायव्हरची. दाजी कानडीत ड्रायव्हरशी दोन वाक्यं बोलले. ड्रायव्हरनं आपल्या डाव्या हाताचं पाण्याचं कॅन, जेवणाचा डबा आणि देवाचा फोटो उचलला, आणि आक्का त्या जागी वाऱ्याला तोंड करून बसली. सुनंदाला दोन पोरींच्या मधे जागा झाली. ते पंधरा लोकही बसले. कसे ते विचारू नका, मी बाहेर होतो.

"दाजी, मी?"

"तुमी हुबं ऱ्हाता?"

"कुठे?"

दाजींनी माझ्या पाठीला खांदा लावला. त्यानंतर मला एवढंच आठवतं की मी आत होतो, माझे पाय जमिनीला लागत नव्हते आणि बस निघाल्याच्या धक्क्यानं मी कुणाच्या तरी मांडीवर बसलो. खाली स्टीलचा डबा होता, त्याखाली चिकोडीच्या एक धिप्पाड मावशी होत्या.

"माफ करा," मी उठू लागलो. उठायला जागा नव्हती.

"बसा हो अण्णा, लाजताय कशाला?" मावशी म्हणाल्या. "माझा धाकटा तुमच्यापरास जड हाय. फकस्त हलू नगासा, खाली शेंगापोळ्या हायत."

बसमधल्या शिस्तीवर ज्यानं नोकरीभर लिहिलं तो माणूस तीन किलोमीटर एका परक्या बाईच्या मांडीवर बसून गेला. हललो नाही. पोळ्या शाबूत राहिल्या, हे मात्र नोंदवतो.

चारला सात मिनिटं कमी असताना आम्ही उतरलो. दाजींनी खिशातली तिकिटं काढली, शिट्टी जड हातानं परत केली, आणि आम्ही आक्काच्या गुडघ्याला झेपेल त्या वेगानं निघालो. समुद्र प्रवेशद्वाराला लागूनच होता. काठावर साडी नेसलेल्यांना पिवळ्या रेघेपुढे पाण्यात जायला मनाई होती. आक्का रेघेवर उभी राहिली. चपला हातात घेतल्या. समोर निळं, सपाट, मुकं पाणी आणि त्यात शेकडो माणसं काहीतरी होण्याची वाट बघत उभी.

भोंगा झाला.

लांबच्या भिंतीपाशी पाणी फुगलं. मग ते उठलं आणि रुंदच्या रुंद आमच्याकडे यायला लागलं. शेकडो गळ्यांतून एकच आवाज निघाला. पाणी आक्काच्या घोट्यांना लागलं, थांबलं, आणि तिच्या पायांखालून मागे गेलं. आक्कानं माझं मनगट धरलं. वखारीतल्या कामानं तिची बोटं अजून टणक आहेत.

"परत चाललंय रं."

"हो, आक्का."

"आलं. परत आलं बघ!"

तिनं वाकून दोन बोटं पाण्यात बुडवली आणि जिभेला लावली. "नळाचंच हाय," ती म्हणाली. "पर कसं वागाया लागलंय बघ. मान्सानं नळाच्या पान्याला ह्ये शिकवलं व्हय?" दाजींनीही चपला हातात घेतल्या होत्या. साठ माणसं एका बसमध्ये घालणारा तो माणूस तोंड उघडं टाकून बघत होता.

त्या क्षणी मी गप्प राहायला हवं होतं. पण आक्कानं प्रश्न विचारला होता आणि माहिती माझ्याकडे होती. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, रेघ ओलांडून पाण्यात चार पावलं गेलो, आक्काकडे तोंड आणि लाटांकडे पाठ केली आणि समजावून सांगू लागलो. "त्याचं असं आहे, त्या भिंतीच्या मागे मोठे पंखे असतात. ते हवा दाबतात. त्यामुळे लाटेची उंची नेमकी किती ठेवायची, हे आधीच..."

"मिलिंदा," आक्का म्हणाली.

"थांब, आक्का, पूर्ण ऐक. त्यामुळे कोणताही धोका..."

सुनंदा त्या वेळी आक्काचा फोटो काढत होती. जीवरक्षकानं मला कॉलर धरून बाहेर काढलं, माझा चष्मा एका मुलीनं आणून दिला, आणि आक्का इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. पिवळ्या रेघेवर, पाण्यात, साडीसकट. तिथून ती यंत्र बंद होईपर्यंत उठली नाही.

तो फोटो आता निपाणीत तिच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर आहे. मधे आक्का, मागे पांढरी फुटणारी लाट, आणि लाटेतून वर आलेले दोन पाय, पँट गुडघ्यापर्यंत नीट दुमडलेली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती बोट ठेवून दाखवते, "ह्यो समुद्र. आन् ह्ये आमचं बेळगावचं संपादक."

मी संपादक कधीच नव्हतो, उपसंपादक होतो. पण पायांवरून ते कळत नाही, म्हणून दुरुस्ती करत नाही.